नारायणगावची हलती पाटी

वाचकहो, पुण्याच्या शिवाजीनगरहून नाशिककडे जाणाऱ्या एस. टी.त खिडकीची जागा मिळाली, तर डुलकी काढू नका. मोशीला इंद्रायणी लागते, राजगुरुनगरला भीमा, मंचर ओलांडून कळंबला घोड आणि पुढे मीना. चार नद्या मोजून झाल्या की सुमारे ७५ किलोमीटरवर नारायणगाव येते. वाटेत दोन्ही बाजूंना बांबू-तारेवर चढवलेले टोमॅटो, मधूनमधून द्राक्षांचे मांडव आणि उसाचे फड. कुकडी प्रकल्पाच्या पाण्याने जुन्नर तालुक्याचा हा पूर्वेकडचा भाग किती बदलला, हे सांगायला आकडे लागत नाहीत, खिडकी पुरते.

मी गेलो तो चैत्राच्या अखेरीस. उन्हाळी टोमॅटोची तोडणी नुकती सुरू झाली होती. उपबाजाराच्या आवाराकडे क्रेटांनी लादलेले टेम्पो, पिकअप आणि ट्रॅक्टर रांगेने निघाले होते. इथे वीस किलोच्या क्रेटवर सौदा होतो. २०२३ च्या जुलैत याच आवारात एका क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला, तेव्हा साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत नारायणगावचे नाव झळकले. आणि पावसाळा सरता सरता तोच भाव असा कोसळला, की तोडणीची मजुरी निघेना. ज्या गावात भाव असा चढतो आणि उतरतो, त्या गावात ‘आज काय निघाला?’ हा प्रश्न रामरामाच्या आधी विचारला जातो.

नारायणगावची दुसरी ओळख तुम्हांला ठाऊकच असेल. ही तमाशाची पंढरी. २००२ साली गेलेल्या विठाबाई नारायणगावकर इथल्याच. यात्रांच्या हंगामाआधी फडमालकांच्या राहुट्या इथे ओळीने उभ्या राहतात आणि गावोगावची पंचमंडळी सुपारी द्यायला येतात. प्रत्येक राहुटीसमोर फडाचे नाव रंगवलेला मोठा फलक असतो. मी त्या रांगेतून उगाच एक फेरी मारली. लाल, पिवळे, निळे फलक, ठसठशीत अक्षरे. पंचमंडळी आधी फलक वाचतात, मग राहुटीत वाकून शिरतात, मग बोलणी. जाहिरात म्हणजे काय, हे या गावाला शिकवायला नको. हलगी, दवंडी, रंगवलेली पाटी, भिंतीवरचा गेरू, असे सगळे प्रकार या पेठेने पाहिले आहेत.

आता त्यात एक नवा प्रकार आला आहे. तोच आज तुम्हांला दाखवायचा आहे.

पेठेतल्या एका खत-बियाण्यांच्या दुकानात मी ओळखीने शिरलो. गल्ल्यामागच्या भिंतीवर टीव्ही लावलेला. मला वाटले, शेठ मालिका बघत असतील. पण त्यावर आधी ठिबकच्या नळ्यांची जाहिरात आली, मग भोपळी मिरचीच्या रोपांची नोंदणी सुरू असल्याची सूचना, मग एका औषध कंपनीची हिरवीगार पानांची फिल्म, मग ‘उद्या गावात जनावरांचे लसीकरण, सकाळी आठला’. पुन्हा ठिबकच्या नळ्या. दर दहा सेकंदांनी पाटी बदलत होती.

‘‘हे कुणी केलं?’’ मी विचारले.

‘‘आमच्या सूनबाईनं,’’ शेठ म्हणाले. आवाजात थोडा अभिमान होता. ‘‘मला तर त्यातलं काय बी कळत नाय साहेब. मी फक्त सकाळी बटण दाबतो.’’

सूनबाई आतून आल्या. बारावीनंतर संगणकाचा एक अभ्यासक्रम केलेल्या. त्यांनी टीव्हीमागे हात घालून पत्त्यांच्या कॅटएवढी एक डबी काढून माझ्या हातावर ठेवली. वजन विड्याच्या डब्याइतकेही नाही.

‘‘हाच संगणक. रास्पबेरी पाय म्हणतात.’’

‘‘नाव पाय, पण याला ना हात ना पाय,’’ शेठ म्हणाले. हा विनोद त्यांनी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवला असणार, तरी आम्ही हसलो.

वाचकहो, या डबीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या काही मंडळींना वाटले, की मुलांना संगणक उघडून, जोडून, मोडून शिकता आला पाहिजे. त्यासाठी तो इतका स्वस्त हवा की बिघडला तरी घरात रडारड होऊ नये. एबेन अप्टन हे त्यांतले प्रमुख. २९ फेब्रुवारी २०१२ ला त्यांनी हा संगणक विक्रीला आणला, किंमत ३५ डॉलर. केला मुलांसाठी, पण कारखानदार, दुकानदार, शास्त्रज्ञ सगळ्यांनीच तो उचलला. गरम होऊन पंखा घरघरत नाही, वीज नाममात्र लागते आणि टीव्हीच्या मागे लपतो. दुकानातल्या पाटीला आणखी काय हवे?

विजेचा हिशेब मी तिथेच कागदावर मांडला. ही डबी साधारण पाच वॅट वीज घेते असे धरा. रोज बारा तास चालली, तर महिन्याला १.८ युनिट. टीव्ही पन्नास वॅटचा धरला, तर १८ युनिट. म्हणजे दोन्ही मिळून वीस युनिटांच्या आत. याच कामाला शंभर वॅटचा जुना संगणक लावला, तर त्याचेच ३६ युनिट होतील. पण तुमच्याकडे जुना संगणक अडगळीत पडलाच असेल, तर खर्च करण्याआधी तोही लावून पाहायला हरकत नाही.

शेठना टीव्ही घरचाच होता. डबी, तिचे कार्ड, विजेचा अडॅप्टर आणि टीव्हीला जोडायची तार हे सगळे सात हजारांच्या आत बसले. या वस्तूंचे भाव टोमॅटोसारखेच वरखाली होतात, म्हणून घेताना दोन ठिकाणी विचारा. ‘‘आणि आतल्या प्रोग्रॅमचे?’’ मी विचारले. सूनबाई म्हणाल्या, ‘‘त्याचे काहीच नाही. लिनक्स आहे ना.’’

लिनक्स म्हणजे काय, ते आपल्या भाषेत सांगतो. संगणकाला चालवणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो, तो बहुतेक ठिकाणी विकत घ्यावा लागतो आणि दुसऱ्याला देता येत नाही. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने १९९१ साली अशा प्रोग्रॅमचा गाभा स्वतः लिहिला आणि सर्वांसाठी खुला केला. जगभरच्या हजारो जाणकारांनी त्यात भर घातली. तुम्ही तो घ्या, वापरा, बदला, शेजाऱ्याला द्या. अट एवढीच, की पुढे देताना त्यालाही हीच मोकळीक द्यायची. आपल्या आजीच्या कणगीतले देशी बियाणे असेच असायचे. पेरावे, राखावे, मूठभर शेजारणीला द्यावे. त्याची पावती कोणी मागत नव्हते.

पाट्या फिरवणारे प्रोग्रॅमही असेच मोफत मिळतात. झिबो, अँथियस अशी त्यांची नावे आहेत. सूनबाई पाटीचे चित्र फोनवर तयार करतात आणि इंटरनेटवरून पाठवतात. डबी ते आपल्या कार्डात साठवून ठेवते आणि ठरल्या वेळी दाखवते. पहिल्या दिवशी म्हणे मराठी अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत होते. मग त्यांनी लोहित देवनागरी हा मोफत टंक त्यात घातला, तेव्हा जोडाक्षरे नीट उमटली. ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी मजकूर फोनवर चित्र म्हणूनच करावा, हा त्यांचा सल्ला.

मला त्यांची आणखी एक गोष्ट आवडली. औषध कंपनीची फिल्म संपली, की लगेच त्यांची स्वतःची एक साधी पाटी येते. बाटलीवरच्या त्रिकोणाची. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अतिविषारी, निळा मध्यम आणि हिरवा त्या मानाने कमी. खाली एक ओळ, ‘फवारणीनंतर किती दिवसांनी तोडायचे, ते लेबलवर वाचा’. मी शेतकरी मेळाव्यांत घसा कोरडा करून जे सांगत आलो, ते ही पाटी दिवसातून शंभर वेळा न थकता सांगते. मी शेठना तसे म्हणालोही.

शेठ मात्र गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘साहेब, या पाटीनं एकाचं नुकसान बी केलंय. ते बी लिवा.’’

म्हणून लिहितो.

गेल्या श्रावणातली गोष्ट. तेव्हा या पडद्यावर ‘आजचा बाजारभाव’ अशी पाटी फिरायची. बाजार उठला, की सूनबाई आवारातून भाव घ्यायच्या आणि पाटी बदलायच्या. पश्चिमेकडच्या वाडीतला एक शेतकरी बियाण्याची चौकशी करायला दुकानात आला. अर्धा एकर टोमॅटो, दोन दिवसांवर तोडणी. पडद्यावर क्रेटला ५५० रुपये होते. त्याच सकाळी एका व्यापाऱ्याने त्याच्या बांधावर येऊन ४२० रुपयांनी माल मागितला होता. पाटी बघून त्याने दुकानातूनच फोन केला, ‘‘देणार नाय.’’ तिसऱ्या दिवशी ७० क्रेट भरून तो आवारात आला. भाव मिळाला २६०.

हिशेब तुम्हीच करा. क्रेटमागे १६० रुपये, ७० क्रेटांचे ११,२०० रुपये. टेम्पोभाडे वेगळे.

भाव दोन दिवसांत पडतो, त्यात नवल नाही. पण चौकशी केली तेव्हा कळले, की तो ५५० चा भाव त्या दिवसाचा नव्हताच. तीन दिवस शिळा होता. रस्त्याच्या खोदकामात इंटरनेटची तार तुटली होती. सूनबाई माहेरी गेल्या होत्या. त्या तिथून नेमाने रोज नवा भाव पाठवत होत्या आणि फोनवर ‘पाठवले’ असे दिसत होते. इकडे डबीला नवे काही मिळत नव्हते, म्हणून तिने कार्डात साठवलेली जुनी पाटी इमानाने फिरवत ठेवली. इंटरनेट बंद पडले तरी पडदा काळा होऊ नये, म्हणून तिची रचनाच तशी आहे. ठिबकच्या जाहिरातीला तो गुण आहे, बाजारभावाला तोच अवगुण. शेठ दिवसभर त्या पडद्याखाली बसले होते, पण रोजच्या गोष्टीकडे माणूस बघतो कुठे?

तो शेतकरी भांडला नाही. दुसऱ्या दिवशी येऊन एवढेच म्हणाला, ‘‘शेठ, टीव्हीवर पायजे ते दाखवतात, ते म्या धरत नाय. पण ही पाटी तुमची व्हती.’’

शेठने त्याच्या उधारीतले पाच हजार कमी करायचे ठरवले. त्याने ते मानले नाहीत. पुढच्या हंगामात पै न् पै फेडली. माल आजही याच दुकानातून नेतो, पण मान वर करून पडद्याकडे बघत नाही.

सूनबाई हे ऐकताना पदराशी चाळा करत होत्या. म्हणाल्या, ‘‘मी खोटं काही लिहिलं नव्हतं साहेब. पण ‘आजचा’ हा शब्द मी लिहायला नको होता.’’

त्यानंतर त्यांनी जे केले, ते असा पडदा लावू पाहणाऱ्या प्रत्येकाने करावे. पहिले, पाटीवर ‘आज’ हा शब्द बंद. त्या जागी वार, तारीख आणि भाव घेतल्याची वेळ, भावाच्या आकड्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत. दुसरे, भावाच्या पाटीला मुदत घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपोआप गळते. नवी आली नाही, तर भाव दिसतच नाही. शिळ्या भावापेक्षा कोरी पाटी बरी. तिसरे, घड्याळ. मोबाईलसारखे या डबीत वेळ धरून ठेवणारे घड्याळ चालू राहत नाही. वीज गेली की तिचा काळ थांबतो आणि वीज आल्यावर ती इंटरनेटला वेळ विचारते. इंटरनेट नसेल, तर ती मागच्याच वेळेत जगते आणि मुदत संपलेली पाटीही तिला ताजी वाटते. म्हणून नाण्याएवढ्या सेलवर चालणारा घड्याळाचा एक छोटा तुकडा त्यांनी तिला जोडून घेतला. चौथे, वीज अचानक गेली तर आतले कार्ड खराब होऊ शकते, म्हणून एक तयार कार्ड गल्ल्यात ठेवले. आणि पाचवे, दुकान उघडल्यावर शेठ देवाला उदबत्ती लावतात, तेव्हा पडद्यावरची तारीख मोठ्याने वाचतात. यंत्रावर लक्ष ठेवायला अखेर माणूसच लागतो.

दुकानाच्या दारात एक काळा फळाही दिसला. खडूने त्या दिवसाची तारीख, युरिया, डीएपी यांचा साठा आणि दर. शेठना विचारले, हा का ठेवला? ते म्हणाले, ‘‘तो कायद्याचा.’’ खरेच आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खतविक्रेत्याने रोजचा आरंभीचा साठा आणि दर गिऱ्हाइकाला ठळक दिसतील असे लावले पाहिजेत. खताच्या दुकानात गेलात, तर तो फळा आधी शोधा. तो मागणे हा तुमचा हक्क आहे. पडद्यावर कितीही रंगीत फिल्म चालू असो, वीज गेली की फळाच उरतो.

दुपारी वेळ होता, म्हणून मी खोडदला जाऊन आलो. नारायणगावहून जवळच आहे. शेतांच्या मधोमध ४५ मीटर व्यासाच्या प्रचंड तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. अशा एकूण तीस, त्यांतल्या चौदा खोडदजवळ एकत्र आणि उरलेल्या सोळा तीन फाट्यांनी आजूबाजूच्या शिवारांत पसरलेल्या. ही जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून आणि कष्टांतून उभी राहिलेली. दूरच्या तारकाविश्वांतून आलेले क्षीण संकेत इथे गोळा होतात. आणि गंमत बघा, हे संकेत एकत्र करून त्यांचा हिशेब मांडायलाही इथे लिनक्सवर चालणारे संगणक वापरले गेले आहेत. शेठच्या भिंतीमागची डबी आणि खोडदची दुर्बीण, दोघींच्या कणगीत बियाणे एकच. फरक एवढाच, की इथे आलेला प्रत्येक संकेत कोणत्या क्षणी आला, याची अगदी काटेकोर नोंद ठेवतात. वेळ चुकली, तर सगळा हिशेब चुकतो. श्रावणातल्या त्या ७० क्रेटांचेही तेच झाले होते.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त इथे प्रदर्शन भरते. मुलांना घेऊन एकदा जरूर या. सकाळी तबकड्या पाहा, दुपारी टोमॅटोचे आवार बघा, वेळ उरला तर जुन्नरला जाऊन शिवनेरी चढा.

परतताना पुन्हा दुकानावरून गेलो. दिवेलागणीची वेळ. सूनबाई फोनवर बोट फिरवत दुसऱ्या दिवशीची पाटी करत होत्या. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी उन्हाळी पापड-कुरडयांची जाहिरात द्यायला सांगितले होते. त्यांच्याकडून पैसे घेणार का, असे मी विचारले. ‘‘नाही साहेब, त्यांच्याकडून कुरडया घेईन,’’ त्या म्हणाल्या.

तर बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातल्या दूध संकलन केंद्रात, सोसायटीत, बचत गटाच्या दुकानात असा पडदा लावायचा विचार असेल, तर जरूर लावा. खर्च झेपणारा आहे, शिकायला अवघड नाही आणि घरातल्या शिकलेल्या मुली-सुना ते काम चोख करतील. पण लावण्याआधी ठरवा, की त्यावरचा शब्द कोणाचा आहे आणि तो शिळा झाला तर कोण पुसणार.

आणि तुम्ही वाचणारे असाल, तर कोणत्याही पाटीवर भाव वाचण्याआधी तारीख वाचा. तारीख नसेल, तर एक फोन करा. आवारात ओळखीचा कोणी ना कोणी असतोच.

मी एस. टी.त बसलो. राहुट्यांसमोरच्या फलकांवर दिवे लागले होते. खिडकीतून दुकानाचा पडदा क्षणभर दिसला. त्यावर मोठ्या अक्षरांत वार होता, तारीख होती आणि त्यांच्या खाली भाव.